सुटलेले टिंब

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले मराठी लेख आपणांस ठाऊक असतील. म्हैसूर संस्थानातील संशोधक बी. एल. राइस यांनी तेथील शिलालेख 1889 साली प्रसिद्ध केले. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. म्हणून विद्वान ‘एल’खाली टिंब देतात. छापताना ते गळते आणि बेळगोळचे ‘बेलगोल’ होते!

जर्मन पंडित लेप्सियस यांच्या 1855 च्या वर्णमालेतही अशाच खुणा होत्या; मिशनऱ्यांनी ती आफ्रिकेत नेली. पुढे, 1926 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकी भाषांच्या संस्थेने मात्र नवी अक्षरेच पुरस्कारली: ‘ङ’साठी शेपटीचा ‘एन’, ‘ऑ’साठी उलटा ‘सी’. खूण नजरेतून सुटते. अक्षर वगळले तर शब्दच अपुरा दिसतो. टंकयंत्रावर ही अक्षरे मिळणे कठीण, ही अडचण खरीच. तरीही घानातील एवे भाषा आजही त्यांतच लिहिली जाते. बेळगोळच्या इंग्रजी पाटीवर मात्र टिंबही नसते.