रविवार, पहाटेचे चार

२५ जून १९५० रोजी पहाटे ४ वाजता कोरियात युद्ध पेटले, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीची पाच वर्षे फारशी कोणी सांगत नाही. महायुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ जपानविरुद्ध एका बाजूला होते. जपानच्या साम्राज्यातून सुटलेला एक देश उभा करण्याचे काम दोघांवर आले आणि त्या कामातच दोघे एकमेकांचे वैरी झाले. त्याचा हा घटनाक्रम.

१० ऑगस्ट १९४५, वॉशिंग्टन, मध्यरात्रीच्या सुमारास
हिरोशिमावर अणुबाँब पडून चार दिवस झाले आहेत. सोव्हिएत फौजा जपानवर चालून निघाल्या आहेत. अमेरिकेचे सर्वांत जवळचे सैन्य ओकिनावात, सुमारे १,००० किलोमीटर दूर आहे. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना शेजारच्या खोलीत पाठवले जाते. कोरियात जपान्यांची शरणागती कोणी कुठपर्यंत घ्यायची, ते त्यांनी ठरवायचे आहे. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा, वेळ ३० मिनिटे. दोघेही कोरियाचे जाणकार नाहीत. राजधानी सोल आपल्याकडे राहावी, एवढे पाहून ते ३८ वे अक्षवृत्त निवडतात.

सोलपासून ही रेघ सुमारे ५० किलोमीटरवर आहे. ती ७५ हून अधिक ओढे, १२ नद्या आणि सहा रेल्वेमार्ग कापत जाते. मॉस्को हरकत घेत नाही. कोरियन माणसाला कोणी विचारत नाही.

९ सप्टेंबर १९४५, सोल
जपानी गव्हर्नर जनरल आबे शरणागतीवर सही करतात. जपानचा ध्वज उतरतो आणि त्या जागी अमेरिकेचा चढतो. अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल जॉन हॉज यांना या देशाची माहिती नाही. कारभार अडू नये म्हणून ते जपानी अधिकाऱ्यांना काही काळ खुर्चीवरच ठेवायचे ठरवतात. ३५ वर्षे ज्यांचा जाच सोसला तेच पुन्हा हुकूम सोडणार, हे ऐकून लोक खवळतात. काही दिवसांत आबेंना हटवावे लागते. उत्तरेत सोव्हिएत फौजा लोकसमित्यांना हाताशी धरतात. कम्युनिस्ट नेते किम इल सुंग लवकरच पुढे येतात.

२७ डिसेंबर १९४५, मॉस्को
अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाचे परराष्ट्रमंत्री तोडगा काढतात. संयुक्त आयोग नेमायचा, हंगामी सरकार बनवायचे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे चीनसह चार सत्तांनी विश्वस्त म्हणून देखरेख करायची. सोलमध्ये लोक रस्त्यावर उतरतात. स्वातंत्र्य मिळाले असे समजून बसलेल्यांना पालक नेमले गेले आहेत.

मे १९४६, सोल
मार्चमध्ये भरलेला संयुक्त आयोग ठप्प होतो. वाद एकच आहे: कोणत्या कोरियन पक्षांशी बोलायचे? विश्वस्त योजनेला विरोध करणाऱ्यांना वगळा, असे सोव्हिएत प्रतिनिधी म्हणतात. मग उजवे कोणीच उरणार नाहीत, असे अमेरिकेचे उत्तर येते. पुढच्या वर्षीची फेरीही इथेच अडते.

जानेवारी १९४८, सोल
प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला आहे. निवडणुकांच्या देखरेखीसाठी आलेल्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन आहेत. सोव्हिएत अधिकारी आयोगाला रेघ ओलांडू देत नाहीत. निवडणूक फक्त दक्षिणेत घ्यायची का, हा प्रश्न उरतो. घ्यायची, असे ठरते.

१४ मे १९४८, दुपारी १२
दक्षिणेत मतदान होऊन चार दिवस झाले आहेत. उत्तर दक्षिणेची वीज तोडते. दक्षिणेला लागणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त तिथूनच येत होती. १५ ऑगस्टला सोलमध्ये सिंगमन री यांचे सरकार स्थापन होते, ९ सप्टेंबरला प्योंगयांगमध्ये किम यांचे. दोन्ही सरकारे अख्ख्या कोरियावर हक्क सांगतात.

२९ जून १९४९
अमेरिकेचे शेवटचे लढाऊ दळ कोरिया सोडते. सोव्हिएत फौजा डिसेंबरमध्येच गेल्या आहेत. दक्षिणेत सुमारे ५०० अमेरिकी सल्लागार राहतात. इथले रस्ते आणि पूल रणगाड्यांच्या कामाचे नाहीत, असे त्यांचे मत आहे. दक्षिणेला एकही रणगाडा मिळत नाही.

१२ जानेवारी १९५०, वॉशिंग्टन
अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अचेसन भाषणात पॅसिफिकमधली संरक्षणरेषा सांगतात. तीत जपान आणि फिलिपिन्स आहेत, कोरिया नाही. ३० जानेवारीला स्टालिन दक्षिणेवर चढाई करण्याच्या किम यांच्या बेताबद्दल प्योंगयांगमधल्या आपल्या राजदूताला तार करतात: या कामाला मोठी तयारी लागेल, पण मदत करायला आपण तयार आहोत. एप्रिलमध्ये किम मॉस्कोला जातात, मे महिन्यात बीजिंगला.

१० मार्च १९५०, टोकियो
अमेरिकेचे सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या गुप्तवार्ता विभागाच्या अहवालात एक खबर नोंदवली जाते: उत्तरेचे सैन्य जून १९५० मध्ये दक्षिणेवर चाल करणार. महिना बरोबर आहे. २५ मार्चला तोच विभाग लिहितो की या वसंतात किंवा उन्हाळ्यात कोरियात युद्ध होईल असे वाटत नाही.

२३ जून, मध्यरात्र. उरले २८ तास
दक्षिणेचे सैन्य ११ जूनपासून सज्जतेच्या हुकुमाखाली होते. काहीच घडले नाही, म्हणून हुकूम मागे घेतला जातो. सैनिकांना सुट्या मिळतात. शेतीचे दिवस आहेत, अनेक जण गावी जातात.

२४ जून, शनिवार
संयुक्त राष्ट्रांचे दोन ऑस्ट्रेलियन निरीक्षक दोन आठवडे रेघेवर फिरून अहवाल देतात. दक्षिणेचे सैन्य केवळ बचावासाठी उभे आहे आणि मोठा हल्ला करण्याच्या स्थितीत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यांनी रेघेची दक्षिण बाजू पाहिली आहे. उत्तरेला सुमारे १५० टी-३४ रणगाडे जागेवर आहेत.

संध्याकाळी सोलमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या नव्या क्लबच्या उद्घाटनाची मेजवानी आहे. ती उशिरापर्यंत चालते.

२५ जून, पहाटे ४
पाऊस. पश्चिमेला ओंगजिन द्वीपकल्पावर तोफांचा मारा सुरू होतो.

पहाटे ५ च्या सुमारास, केसोंग
अमेरिकी सल्लागार कॅप्टन जोसेफ डॅरिगो तोफांच्या आवाजाने जागे होतात. त्या सकाळी रेघेवर ते एकटेच अमेरिकी अधिकारी आहेत. जीप घेऊन ते शहरात येतात. स्टेशनात सुमारे १५ डब्यांची गाडी उभी आहे आणि तिच्यातून उत्तरेचे सैनिक उतरत आहेत. रेघेजवळचे रूळ उत्तरेने पूर्वी उखडले होते. ते रातोरात पुन्हा टाकले आहेत. डॅरिगो गोळ्या चुकवत दक्षिणेकडे निघतात. साडेनऊला केसोंग पडते.

सकाळी १०.२६. वॉशिंग्टनमध्ये शनिवारची रात्र, ९.२६
सोलमधले अमेरिकी राजदूत जॉन मुचिओ यांची तार परराष्ट्र खात्यात पोचते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन मिसुरीत घरी आहेत.

२५ जून, न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेस, दुपारी २
सुरक्षा परिषद भरते. अध्यक्षस्थानी भारताचे बेनेगल नरसिंग राव आहेत. चीनच्या जागेच्या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारीपासून येत नाहीत. त्यांची खुर्ची आजही रिकामी आहे, त्यामुळे नकाराधिकार वापरायला कोणी नाही. उत्तरेने माघार घ्यावी, हा ठराव ९ विरुद्ध ० मतांनी संमत होतो.

२८ जून, सोल, पहाटे अडीचच्या सुमारास
शत्रू येऊ नये म्हणून दक्षिणेचेच सैन्य हान नदीवरचा पूल उडवते. पूल निर्वासितांनी भरलेला आहे. शेकडो माणसे मरतात. दक्षिणेच्या सैन्याचा मोठा भाग नदीच्या पलीकडेच अडकतो. त्याच दिवशी सोल पडते.

२७ जुलै १९५३, पानमुनजोम, सकाळी १०
अमेरिका दक्षिणेच्या आणि चीन उत्तरेच्या बाजूने लढल्यानंतर शस्त्रसंधीवर सह्या होतात. मृतांचे बहुतेक अंदाज वीस लाखांच्या वर जातात. नवी सीमा जुन्या रेघेपासून फार दूर नाही.

मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांची राखण भारताकडे येते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आहेत आणि भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. १९४५ च्या जानेवारीत हे दोघे ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत दोस्तांच्या बाजूने जपान्यांशी लढले होते. आता त्याच दोस्तांचे भांडण त्यांच्या पदरी आहे. सप्टेंबरमध्ये चिनी कैदी भारतीय दलाच्या मेजर ग्रेवाल यांना कोंडून ठेवतात. थोरात निःशस्त्र तारांच्या आत जातात, कैद्यांशी बोलतात आणि ग्रेवाल यांना बाहेर आणतात.

फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय दल परत निघते. त्याच्याबरोबर उत्तर किंवा दक्षिण, चीन किंवा तैवान यांपैकी काहीच न निवडलेले ८८ कैदी भारतात येतात.

या घटनाक्रमात वेडेपणाचा निर्णय शोधून सापडत नाही. रेघ सोयीची होती, जपानी अधिकारी सोयीचे होते, अर्धी निवडणूक सोयीची होती. ज्यांचा देश होता त्या सर्वांना मिळून मात्र एकाही टप्प्यावर कोणी विचारले नाही, आणि या युद्धाची पहिली जबाबदारी तिथे येते. पराभूत साम्राज्याच्या भूमीवर परके सैन्य कुठेही कारभार करत असेल, तर सगळ्यात आधी हेच तपासले पाहिजे. कोरियाचा शांतता करार अजूनही झालेला नाही.