लायब्ररी संगीत (वाद्यवृंदीय)

माहितीपट, चित्रपटाचा ट्रेलर, जाहिरात किंवा बातमीपट यांसाठी आगाऊ रचून, ध्वनिमुद्रित करून ठेवलेले आणि परवानाशुल्क भरून कोणालाही वापरता येणारे पार्श्वसंगीत. यालाच ‘स्टॉक म्युझिक’ असेही म्हणतात. आपली रचना कोणत्या दृश्याखाली वाजणार हे रचनाकाराला ठाऊक नसते. एकच रचना आज हिमशिखरांवर वाजते, तर उद्या मोटारीच्या जाहिरातीत.

या व्यवसायाची मुळे मूकपटांच्या काळात आहेत. लंडनमध्ये मायर द वुल्फ यांनी १९०९ मध्ये स्थापन केलेली संस्था चित्रपटगृहातील वादकांना स्वरलेखन पुरवत असे. एर्नो रापे यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या संग्रहात पियानोवादकांसाठी पाठलाग, वादळ, शोक अशा प्रसंगांनुसार तुकडे लावून दिले होते. आजच्या संग्रहांतही शोध मुख्यतः भाव, लय आणि प्रसंग यांवरूनच घेतला जातो.

ट्रेलरला अशा संगीताची गरज पडते, कारण तो कापला जातो तेव्हा चित्रपटाचे स्वतःचे पार्श्वसंगीत बहुधा तयार झालेले नसते. म्हणूनच ट्रेलर पाहून भारावलेला श्रोता चित्रपटाचा अल्बम घेतो, तेव्हा ती धून त्यात सापडत नाही. ‘द टू टॉवर्स’च्या (२००२) एका ट्रेलरमधील धून क्लिंट मॅन्सेल यांनी मुळात ‘रिक्वियम फॉर अ ड्रीम’ (२०००) या दुसऱ्याच चित्रपटासाठी रचली होती. ट्रेलरसाठी तिला मोठ्या वाद्यवृंदाची आणि समूहस्वरांची जोड देण्यात आली. ‘टू स्टेप्स फ्रॉम हेल’ ही थॉमस बर्गरसन व निक फीनिक्स यांची २००६ मध्ये स्थापन झालेली ट्रेलरसंगीताची संस्था. तिचे संगीत आधी केवळ व्यावसायिकांना मिळे. सर्वसामान्यांसाठीचा तिचा पहिला अल्बम, ‘इन्व्हिन्सिबल’, २०१० मध्ये आला.

रचना शोधण्याची पहिली पायरी म्हणजे शाझामसारखे धून ओळखणारे ॲप. निवेदकाचा आवाज थांबतो, त्या जागी ते लावून पाहावे. तरीही ते पुष्कळदा फसते: संकलक रचना कापतो, दोन तुकडे जोडतो, कधी तालवाद्ये काढून नुसती तंतुवाद्ये ठेवतो. एकाच रचनेच्या ६० व ३० सेकंदांच्या आवृत्त्याही निघतात. श्रेयनामावलीत अनेकदा संग्रहाचेच नाव असते; तेवढे मिळाले, तरी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर भाव आणि वाद्यांवरून चाळणी लावता येते. सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे ‘क्यू शीट’. वाजलेल्या प्रत्येक तुकड्याचे शीर्षक, रचनाकार, प्रकाशक व कालावधी त्यात नोंदवलेला असतो. रचनाकारांच्या मानधनाचा हिशेब या नोंदींवरून होतो. हा कागद प्रेक्षकापर्यंत मात्र पोचत नाही. पडद्यावर छायाचित्रकाराचे नाव येते, तसे या रचनाकाराचेही यायला हवे. जागा नाही ही सबब पटणारी नाही.

स्वतंत्र संगीत असलेल्या माहितीपटात हा शोध सोपा असतो. कर्नाटकाच्या वन्यजीवनावरील ‘वाइल्ड कर्नाटक’ २०२० मध्ये चित्रपटगृहांत लागला. निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे आणि संगीत रिकी केज यांचे. नाव शोधायला कोठे जावे लागत नाही.

नाव हरवण्याचे दुःख मात्र कर्नाटकाच्या शेजारच्या गोव्याला जुने आहे. मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद उभा केला तो प्रामुख्याने गोमंतकीय वादकांनी आणि संयोजकांनी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) आणि शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले अग्रणी. पडद्यावर नाव संगीतकाराचे येई. वाद्यमेळ लिहिणारे आणि वाजवणारे बहुतेक अनामिकच राहिले. ते लायब्ररी संगीत नव्हते, पण श्रेय गळण्याची रीत तीच होती.

भारतात रचनाकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ १९६९ पासून मुंबईत आहे. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी केलेल्या रचनेवरील रॉयल्टीतला रचनाकाराचा वाटा करारानेही सहजासहजी काढून घेता येणार नाही, अशी तरतूद केली.