एका रोलमध्ये बारा

सुटीत सहकुटुंब हिंडावे आणि त्याची छायाचित्रे काढावीत, ही हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने. त्याचा १८८८ चा कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांचा होता. १९०० साली निघालेला ब्राउनी एका डॉलरला मिळू लागला. आपल्याकडे पुढे तेच काम आग्फा क्लिक-३ ने केले. हा कॅमेरा बडोद्यास, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असे. बडोदेकर वाचकांना त्याचे अगत्य अधिक असणार!

एका रोलमध्ये चौकोनी फोटो १२. सुटी आठ दिवसांची असो की महिन्याची, फोटो बाराच. तेव्हा नुसत्या डोंगराचा फोटो म्हणजे उधळपट्टी! निसर्ग हवा, पण माणसांच्या पाठीमागे. भिंग मागेपुढे सरकवण्याची सोय नसल्याने माणसे दहाएक फुटांवर उभी करायची आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ठेवायचा. जुन्या अल्बमांत सारे कुटुंब डोळे किलकिले करून का उभे असते, ते यावरून कळावे.

गोकाकच्या धबधब्यापुढचे असे फोटो सीमाभागातील कितीतरी घरांत सापडतील. पाणी भरपूर असेल तर दिवाळीची सुटी, खडक उघडे पडले असतील तर मे महिना. हंगाम घटप्रभाच सांगते. माणसांचे तसे नाही. फोटो काढणारा तर चित्रात नसतोच; पण आत्या कोणती नि शेजारीण कोणती, हेही मागे कुणी लिहिलेले नसते. ओळखू शकेल अशी आजी घरात असेल, तर या दिवाळीतच पेन्सिल घेऊन अल्बम तिच्यापुढे ठेवावा.