पाठीमागची भट्टी

मोटारगाडीच्या इतिहासांत वेगाचें वर्णन पुष्कळ झालें आहे. उष्णतेचें मात्र फारसें झालेलें नाहीं. कोणती गाडी कोणत्या शर्यतींत पहिली आली आणि तिची अश्वशक्ति किती होती, हें सांगणारे ग्रंथ हवे तितके मिळतात. परंतु त्या अश्वशक्तीबरोबर जन्मास येणाऱ्या उष्णतेची विल्हेवाट कोणीं व कशी लावली, आणि ती लावतांना तिची झळ कोणास सोसावी लागली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या वेगवान मोटारींत एंजिन चालकाच्या पाठीमागें, परंतु मागील चाकांच्या आंसाच्या पुढें बसविलेलें असतें, त्यांच्या बाबतींत तर हा प्रश्न टाळून पुढें जातांच येत नाहीं. या गाड्यांचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थीं उष्णतेला जागा शोधून देण्याचा इतिहास होय, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ अडचण काय ती पाहूं. सामान्य पेट्रोल-एंजिनांत इंधन जाळून जी ऊर्जा निर्माण होते तिच्यापैकीं स्थूलमानानें एक तृतीयांशच उपयोगी कार्यांत उतरते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली बहुतेक एंजिनच्या धातूंत मुरते. ही मुरलेली उष्णता वेळींच काढून घेतली नाहीं तर तेल पातळ होऊन निरुपयोगी होतें, दट्टे फुगून सिलिंडरांत अडकतात, आणि मौल्यवान यंत्र थोडक्याच वेळांत मोडीच्या किंमतीचें होऊन बसतें. म्हणून एंजिनाभोंवतीं पाणी खेळवावयाचें, तें तापलें कीं रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून न्यावयाचें, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याकडून निववून परत आणावयाचें, ही व्यवस्था रूढ झाली. एंजिन गाडीच्या नाकाशीं असेल तर ही व्यवस्था अगदीं सोपी. चूल खिडकीशीं मांडावी तशी ती भट्टी वाऱ्याच्या तोंडींच असते.

मग एंजिन तेथून हलवावयाचें कशाला? याचें उत्तर वजनांत आहे. काठीच्या दोन टोकांना वजनें बांधून ती गरगर फिरविण्यास जो जोर लागतो, तो तींच वजनें मुठीजवळ बांधलीं असतां लागत नाहीं. त्याच न्यायानें गाडींतील सर्वांत जड वस्तु दोन्ही आंसांच्या मध्यें आली म्हणजे गाडी वळणावर चपळपणें वळते. शिवाय एंजिनाची शक्ति मागील चाकांकडे नेणारा लांब दांडा चालकाच्या बैठकीखालून न्यावा लागत नाहीं, आणि त्यामुळें गाडी बुटकी करतां येते. असा हा दुहेरी लाभ आहे. त्याची किंमत मात्र अशी कीं, भट्टी खिडकीशेजारून उचलून माजघरांत नेऊन ठेवावी लागते.

या माजघरांत वारा कसा आणावा, याचा आरंभींचा विचार जर्मनींत झाला. एडमंड रुम्प्लर या विमानें घडविणाऱ्या शिल्पज्ञानें १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत पाण्याच्या थेंबाच्या आकाराची एक मोटार मांडली. तिचें एंजिन मागें होतें. याच कल्पनेवरून बेन्झ कंपनीनें शर्यतीची गाडी तयार केली आणि १९२३ सालीं इटलींतील मोंझा येथें तिच्या दोन गाड्या चौथ्या व पांचव्या क्रमांकानें आल्या. या गाडीचा रेडिएटर चंद्रकोरीच्या आकाराचा असून तो चालकाच्या डोक्यामागें, एंजिनच्या वरच्या बाजूस, उघड्या वाऱ्यांत उभा केलेला होता. पाण्याचा मार्ग त्यामुळें आंखूड झाला आणि चालकाच्या अंगाजवळून तापलेल्या नळ्या नेण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु ज्या गुळगुळीत आकारासाठीं एवढा खटाटोप, त्याच्याच पाठीवर हें एक आवाळूं उठलें. पुढें बेन्झ कंपनीस पैशाची अडचण भासूं लागली, १९२६ सालीं ती डाइम्लर कंपनीशीं एक झाली, आणि तो प्रयोग तेथेंच राहिला.

दुसरा प्रयत्न अधिक धाडसाचा होता. १९३४ सालीं ऑटो युनियन या जर्मन संस्थेनें फर्डिनंड पोर्शे यांच्या आराखड्यावरून सोळा सिलिंडरांची शर्यतीची गाडी मैदानांत आणली. तींत पुढें रेडिएटर, त्यामागें चालक, चालकामागें पेट्रोलची टाकी आणि टाकीमागें एंजिन अशी मांडणी होती. नाकापासून एंजिनपर्यंत पाणी न्यावयाचें कसें? पोर्शे यांनीं युक्ति काढली कीं, गाडीच्या सांगाड्याच्या ज्या दोन मोठ्या पोकळ नळ्या आहेत त्यांतूनच पाणी खेळवावें. एकाच वस्तूकडून दोन कामें करून घेण्याची ही कल्पना कागदावर फारच सुंदर दिसते. परंतु शर्यतीच्या गाडीचा सांगाडा क्षणभरहि स्वस्थ नसतो. तो पिळतो, लवतो, हादरतो. त्यामुळें सांगाड्याच्या नळ्यांतून वारंवार पाणी झिरपूं लागलें आणि अखेरीस ही युक्ति सोडून द्यावी लागली. ज्यानें भार वाहावयाचा त्याच्याकडून पाणीहि वाहविण्याचा हा हव्यास होता, आणि तो यंत्रास मानवला नाहीं.

हवा ही फुकट मिळणारी वस्तु नव्हे, हेंहि याच काळांत स्पष्ट झालें. रेडिएटरमध्यें वारा शिरतो तेव्हां तो गाडीस मागें रेटतो. २८ जानेवारी १९३८ रोजीं फ्रँकफुर्ट व डार्मस्टाट यांमधील रस्त्यावर रुडोल्फ काराच्चिओला यांनीं मर्सिडीझ गाडींतून ताशीं ४३२ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. त्या गाडीचें एंजिन पुढेंच होतें. परंतु हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून तिच्या नाकाचीं भोकें अगदीं लहान ठेवून रेडिएटर पाणी व बर्फ भरलेल्या पेटींत बसविला होता. कांहीं मिनिटांच्या धांवेपुरतें बर्फ पुरलें. सबंध शर्यतीस तें पुरतें ना. त्याच दिवशीं तो विक्रम मोडण्याच्या प्रयत्नांत ऑटो युनियनचे तरुण चालक बर्न्ट रोझमायर यांची गाडी भर वेगांत रस्ता सोडून गेली व त्यांचा अंत झाला. त्यास उष्णता कारण नव्हती. परंतु वेगासाठीं गाडीचा आकार किती ताणावा, याचा हिशेब त्या काळीं कोणत्या किंमतीनें होत असे, हें त्यावरून समजतें.

युद्धानंतर ही मांडणी इंग्लंडांत पुन्हां उदयास आली, ती एका साध्या सोयीमुळें. चार्ल्स कूपर व त्यांचे पुत्र जॉन यांनीं १९४६ सालीं एक लहानशी शर्यतीची गाडी बांधली. तींत मोटारसायकलचें एंजिन होतें आणि त्याची साखळी मागील चाकांकडे सरळ नेतां यावी म्हणून तें चालकाच्या मागें बसविलें. तें वाऱ्यानेंच थंड होई. पाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढें गाड्या मोठ्या झाल्या आणि कव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीचीं एंजिनें त्यांत आलीं. ही कंपनी आग विझविणाऱ्या पंपांचीं एंजिनें करण्याबद्दल प्रसिद्ध होती, हा योगायोग मौजेचा खरा! १९५८ च्या जानेवारींत अर्जेंटिनांत स्टर्लिंग मॉस यांनीं अशा गाडींतून शर्यत जिंकली. १९५९ व १९६० या दोन्ही वर्षीं जॅक ब्रॅबम जगज्जेते झाले. आणि थोड्याच वर्षांत पुढील एंजिनाची गाडी त्या शर्यतींतून नाहींशी झाली. परंतु कूपरच्या गाडींत रेडिएटर नाकांतच राहिला होता. त्यांतून निघालेली गरम हवा चालकाच्या पायांकडे येई, तापलेल्या पाण्याच्या नळ्या त्याच्या बैठकीजवळून जात, आणि पाठीशीं एंजिन धगधगत असे. वजनाचा प्रश्न सुटला, उष्णतेचा सुटला नाहीं. तो चालकाच्या अंगावर ढकलण्यांत आला आणि चालकानें तो मुकाट्यानें सोसला.

पाण्याला अजिबात फांटा देण्याचा मार्गहि पोर्शे कंपनीनें अखेरपर्यंत चोखाळून पाहिला. तिच्या १९६९ सालच्या ९१७ या गाडींत चालकामागें बारा सिलिंडरांचें एंजिन आडवें पसरलेलें असून त्यावर एक मोठा पंखा आडवा बसविलेला होता. वाहत्या वाऱ्यावर अवलंबून न राहतां तो पंखा हवा खालीं ढकलून सिलिंडरांवर सोडीत असे. या पंख्यास सुमारे १७ अश्वशक्ति खर्ची पडे; म्हणजे एका लहान मोटारीस पुरेल इतकी शक्ति केवळ वारा घालण्यांत जाई. तरीहि १९७० व १९७१ या दोन्ही वर्षीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत याच गाडीनें जिंकली. नळ्या, पाणी आणि रेडिएटर यांचें ओझें वांचलें, त्याची किंमत तिनें पंख्याला रोख मोजली. असा उघड व्यवहार या इतिहासांत विरळाच.

शर्यतींतील चालक दोन घटका होरपळला तरी तक्रार करीत नाहीं. परंतु पैसे मोजून गाडी विकत घेणारा गृहस्थ तसा नसतो. म्हणून एंजिन मागें असलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हां हा प्रश्न नव्यानें उभा राहिला. लंबोर्गिनी कंपनीच्या १९६६ सालच्या मिउरा गाडींत बारा सिलिंडरांचें एंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागें आडवें ठेवलेलें होतें आणि मागील बाजूस कांचेऐवजीं तिरप्या पट्ट्या होत्या. दाराच्या झडपांसारख्या त्या पट्ट्या पाहणाऱ्यास शोभेच्या वाटत; वास्तविक कोंडलेल्या गरम हवेला वर निघून जाण्याची ती वाट होती.

याच कंपनीच्या पुढील गाडीची कथा अधिक बोधप्रद आहे. मार्चेल्लो गान्दिनी यांनीं आंखलेली कूंताश ही गाडी १९७१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम दिसली. पाचरीसारखा तिचा आकार अत्यंत स्वच्छ होता, आणि हवा घेण्यासाठीं तिला माशाच्या कल्ल्यांसारख्या थोड्याशा फटी होत्या. प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहतां तेवढ्या फटींनीं एंजिनाचें भागेना. तेव्हां विक्रीची गाडी १९७४ सालीं आली तिच्या दोन्ही खांद्यांवर हवा घेणाऱ्या उभ्या पेट्या बसल्या आणि कुशींना खोल त्रिकोणी खांचा पडल्या. कलावंतानें रेखलेल्या निर्मळ रेषेवर उष्णतेनें आपली सही केली ती अशी. गंमत अशी कीं, पुढील पिढीस त्या पेट्या व खांचाच त्या गाडीचें सौंदर्य वाटूं लागल्या.

रेडिएटर नाकांतच असला पाहिजे हा आग्रह सुटला तेव्हां चालकाची सुटका झाली. लोटस कंपनीच्या १९७० सालच्या ७२ क्रमांकाच्या शर्यतीच्या गाडींत कॉलिन चॅपमन व मॉरिस फिलिप यांनीं एकाऐवजीं दोन रेडिएटर करून ते चालकाच्या मागें दोन्ही कुशींस ठेवले. नाक निमुळतें झालें, नळ्या आंखूड झाल्या, आणि पायांजवळची शेगडी गेली. रस्त्यावरच्या गाड्यांत हाच धडा फेरारी कंपनीनें गिरविला. तिच्या आधींच्या बारा सिलिंडरी गाडींत रेडिएटर पुढें असल्यामुळें तापलेल्या पाण्याच्या नळ्या बसणाऱ्यांच्या दालनाजवळून जात व आंत उकडे. सामानासहि जागा उरत नसे. १९८४ सालच्या टेस्टारोसा गाडींत रेडिएटर कुशींस गेले. त्यामुळें गाडीची रुंदी जवळजवळ दोन मीटर झाली, आणि हवेचीं तोंडें उघडीं ठेवणें कांहीं देशांच्या नियमांत न बसल्यामुळें दारांवर लांब पट्ट्या आल्या.

या सर्व खटाटोपांत एक गोष्ट विसरूं नये. वारा आंत घेणें हें अर्धेंच काम आहे. आंत आलेल्या हवेस बाहेर जाण्यास वाट नसेल तर पुढील भोंक कितीहि मोठें केलें तरी व्यर्थ. खोलीची एकच खिडकी उघडून वारा खेळत नाहीं, हें कोणीहि गृहिणी सांगेल. शिवाय गाडी थांबली कीं वारा थांबतो, पाणीहि फिरावयाचें थांबतें, पण धातूंत मुरलेली उष्णता थांबत नाहीं. ती हळूहळू बाहेर येऊन कोंडलेल्या जागेंतील नळ्या, तारा व पेट्रोल यांस तापविते. म्हणून अशा कित्येक गाड्यांत किल्ली काढून घेतल्यावरहि पंखे कांहीं वेळ आपोआप फिरत राहतात. गॉर्डन मरे यांनीं १९९२ सालीं प्रसिद्धीस आणलेल्या मॅक्लारेन एफ-१ या गाडींत एंजिनाच्या कोठडीस आंतून सोन्याचा पातळ वर्ख लावलेला होता. उष्णतेचे किरण परतविण्यास सोन्यासारखी दुसरी धातु क्वचितच सांपडेल. मिठाईवर शोभेसाठीं वर्ख लावतात. येथें तो पाठीशीं बसलेल्या अग्नीपासून गाडीचें अंग वांचविण्याकरितां लावलेला होता.

शंभर वर्षांच्या या खटपटीचें सार काय? उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. ती कोणाच्या तरी वांट्यास द्यावीच लागते. बेन्झनें ती आकाराच्या माथीं मारली, कूपरनें चालकाच्या पायांशीं ठेवली, पोर्शेनें पंख्याकडे सोंपविली, लोटस व फेरारी यांनीं गाडीची कूस रुंद करून तिला स्वतंत्र घर दिलें. एंजिन मागें नेण्याचा निर्णय वजनाच्या हिशेबानें अचूक होता, यांत शंका नाहीं. परंतु त्या हिशेबांत आरंभीं माणसाचें नांव नव्हतें. तें नांव त्यांत लिहिलें जाण्यास अर्धें शतक लागलें. सुधारणेच्या इतिहासांत लाभाचे आंकडे प्रथम मोजले जातात आणि झळ सोसणारा मागाहून आठवतो, हें केवळ मोटारीच्याच बाबतींत घडलें आहे असें थोडेंच आहे!