पेडगावला जायचे ते शहाणपणाने

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. पण पेडगाव पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. आम्हा यवतकरांना तर ते हाकेच्या अंतरावर. रेल्वेने दौंड गाठायचे आणि मिळेल त्या वाहनाने पुढे जायचे. गाव भीमेच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदा तालुक्यात. समोरचा काठ आमच्या दौंड तालुक्याचा.

औरंगजेबाचा दक्षिणेतला सुभेदार बहादूरखान कोकलताश याने १६७२-७३च्या सुमारास इथे छावणी टाकली आणि भुईकोट बांधला. कोकलताश म्हणजे दूधभाऊ. खानाच्या नावावरून हा कोट बहादूरगड झाला. मोगली फौजेचा दाणागोटा इथे साठवलेला असे. मराठ्यांच्या एका तुकडीने हूल देऊन खानाला दूर पळवले आणि दुसरीने छावणी लुटली, अशी कथा लोक रंगवून सांगतात. वाक्प्रचारही त्यातूनच आला म्हणतात.

तटाच्या आत शिरलात की आधी देवळे पाहा. लक्ष्मीनारायणाचे देऊळ यादवकाळातले, म्हणजे कोटाहून कितीतरी जुने. त्याच्या खांबांवरची नक्षी पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. भैरवनाथ आहे, मल्लिकार्जुन आहे. नदीच्या बाजूला हत्तीमोटेचे अवशेष आहेत. हत्ती जुंपून भीमेचे पाणी वर काढीत आणि ते नळांनी कोटात फिरवीत.

याच कोटात फेब्रुवारी १६८९मध्ये संगमेश्वरी कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे आणले. विदूषकाचा पोशाख चढवून, उंटावर बसवून त्यांची धिंड काढली. सोबत कवी कलश होते. ११ मार्चला भीमेच्याच काठी, वरच्या अंगाला तुळापूर-वढू परिसरात दोघांचाही अंत झाला. मी कविता लिहिणारा माणूस. कलशांपाशी माझे पाऊल अडते. राजाच्या वैभवात वाटा घेणारे कवी पुष्कळ झाले. राजाच्या मरणात वाटा घेणारा हा एक.

आता लोक या कोटाला धर्मवीरगड म्हणतात. नाव बदलले, दगड तेच आहेत. यादवांचे खांब, खानाचा तट आणि मराठ्यांच्या छत्रपतीची वेदना एकाच आवारात सांभाळून आहेत. यातले एक वगळून दुसरे वाचता येत नाही.

अष्टविनायकाला निघालेल्या गाड्या जवळच्या सिद्धटेकला जातात. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले ते देऊळ पाहून लगेच माघारी फिरू नका. दोन तास पेडगावसाठी ठेवा. वेड मात्र घरीच ठेवून या.