ख्रिस्ती सेवाधर्माचे बदलते स्वरूप : अहमदनगर ते जामखेड

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मात श्रद्धेचे दोन आदेश एकत्र नांदतात. पहिला आदेश शुभवर्तमान सर्वांपर्यंत पोहोचविण्याचा आणि दुसरा भुकेल्यास अन्न देण्याचा व आजाऱ्याचा समाचार घेण्याचा. या दोहोंचा परस्परसंबंध कोणता, सेवा हे प्रसाराचे साधन की सेवा हाच श्रद्धेचा आविष्कार, हा प्रश्न महाराष्ट्रातील मिशनच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला. परंडा, भूम, करमाळा व जामखेड हा सलग अवर्षणप्रवण टापू आहे. परंडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तर जामखेड ब्रिटिश अंमलाखालील अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होते. या जिल्ह्यातील दीड शतकाच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत निबंधात सदर प्रश्नाचा विचार केला आहे.

शब्द आणि शाळा :
गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. १८३१ मध्ये अहमदनगर येथे मिशनचे ठाणे झाले. १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. मिस सिंथिया फॅरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालविल्या. या शाळा पाहूनच महात्मा जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा असला तरी त्याच्या कार्याचे फलित धर्माच्या चौकटीबाहेर गेले, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

दुष्काळ आणि धर्मांतर :
१८७६-७७ च्या भीषण दुष्काळात मिशनने मदतकार्य केले. त्यानंतरच्या काळात महार व मांग समाजांतून झालेल्या धर्मांतरांची संख्या वाढली. अन्नासाठी धर्म स्वीकारला गेला, असा आक्षेप यावर घेण्यात आला. तथापि, ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणीही भरता येत नव्हते, त्यांच्या दृष्टीने शाळेत व प्रार्थनामंदिरात एकत्र बसणे हे केवळ पोटाच्या प्रश्नापुरते मर्यादित नव्हते. दुसरी टीका मिशनच्या आतूनच झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परकीय पैसा व परकीय वेश यांपासून मुक्त असा ख्रिस्तभक्तीचा देशी मार्ग त्यांना अभिप्रेत होता.

जामखेडचा प्रयोग :
या टीकेला कृतीतून उत्तर मिळाले ते १९७० नंतर. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प त्यांनी विवाहप्रसंगी केला होता. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना तेच रुग्ण त्याच आजारांनी पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. दवाखान्याच्या दारात आलेल्यास बरे करणे ही सेवा अपुरी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आरंभी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठविण्याचा विचार होता, परंतु त्या खेड्यात राहण्यास तयार होईनात. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. यांपैकी अनेकजणी निरक्षर व दलित होत्या. ज्यांचा स्पर्श टाळला जात होता, त्याच स्त्रिया सर्व जातींच्या घरांत बाळंतपणे करू लागल्या. कूपनलिकाही दलित वस्तीत घेतल्या गेल्या. परिणामी पाण्यासाठी इतरांना तेथे जावे लागले. १९७१ मध्ये प्रकल्पक्षेत्रात दर हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९६ मध्ये २६ पर्यंत खाली आला. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

या कार्यात धर्मांतर ही सेवेची अट नव्हती. श्रद्धा कार्यकर्त्यांच्या प्रेरणेत होती. लाभार्थींकडून तिची अपेक्षा नव्हती. मात्र मिशनच्या जुन्या परंपरेपासून हा प्रयोग सर्वस्वी तुटलेला नव्हता. वेल्लोरचे शिक्षण आणि वडाळ्याचा अनुभव ही त्या परंपरेचीच देणगी होती.

निष्कर्ष :
१) अहमदनगर परिसरात ख्रिस्ती सेवेचा प्रवास शाळा, दुष्काळी मदत, रुग्णालय व लोकसहभागातून आरोग्य अशा क्रमाने झाला.
२) प्रत्येक टप्प्यावर सेवा देणारा व घेणारा यांतील अंतर कमी झाले. जामखेडमध्ये सेवा घेणारी स्त्रीच सेवा देणारी झाली.
३) दुष्काळात देणारा बलवान व घेणारा अगतिक असल्याने मदतीच्या हेतूविषयी संशय निर्माण झाला. घेणाऱ्याच्या हाती ज्ञान व निर्णय सोपविल्यावर या संशयाचे मूळ कारणच उरले नाही.
४) दुसऱ्यापर्यंत ‘पोहोचणे’ याचा अर्थ दुसऱ्यास आपल्याकडे आणणे एवढाच नसून त्यास स्वतःच्या पायावर उभे करणे हाही आहे, हे या इतिहासावरून दिसून येते. ग्रामीण भागातील कोणत्याही धर्माच्या वा धर्मनिरपेक्ष सेवासंस्थेस हा निकष लावता येईल.