सैनिकांच्या कुटुंबांचा योगक्षेम : बालपरवेशीपासून ध्वजदिन निधीपर्यंत

राष्ट्राच्या सीमांचे रक्षण करणाऱ्या सैनिकाचा गौरव सर्वत्र होतो. परंतु त्याच्या माघारी त्याचे घर कसे चालते, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच विचारला जातो. लढाईचा वृत्तांत जयापजयाच्या दिवशी संपतो. सैनिकाच्या पत्नीची आणि मुलांची विवंचना मात्र त्याच दिवशी सुरू होते. या कुटुंबांच्या योगक्षेमासाठी आपल्या देशात, विशेषतः महाराष्ट्रात, कोणकोणत्या व्यवस्था निर्माण झाल्या याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. मदत दात्याच्या मर्जीवर राहिली की तिचा भरवसा राहत नाही. नियमाने बांधून दिली की ती कुटुंबाचा हक्क होते. या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

शिवकाल व पेशवाई

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा पाडाव झाला. या प्रसंगाचे वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासद यांनी आपल्या बखरीत युद्धानंतरच्या व्यवस्थेचीही नोंद केली आहे. जे लोक कामास आले त्यांच्या मुलांचे चालवावे, ज्यांना पुत्र नाही त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन द्यावे आणि जखमींना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन द्यावेत, असे शिवाजी महाराजांनी ठरविल्याचे ती बखर सांगते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे, म्हणजे घटनेनंतर तीन दशकांहून अधिक काळाने, ही बखर लिहिली गेली. तरीही ‘निम्मे वेतन’ या शब्दांतील नेमकेपणा विचार करण्याजोगा आहे. विधवेला किती द्यावयाचे याचे प्रमाण येथे पतीच्या वेतनावरून ठरते, कोणाच्या औदार्यावरून नव्हे.

पेशवाईत याच प्रथेला ‘बालपरवेशी’ हे नाव रूढ झालेले दिसते. रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहारानंतर दक्षिणेतील असंख्य घरे कर्त्या पुरुषावाचून उरली. तेव्हा अशा नेमणुकीचे मोल काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

महायुद्धांचा काळ

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) सुमारे तेरा लाख भारतीय सागरापार गेले व त्यांपैकी सत्तर हजारांहून अधिक परत आले नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावातील शेहेचाळीस जवान त्या युद्धात कामी आले. तेथील स्मृतिस्तंभ आजही त्याची साक्ष देतो. ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नाव त्या गावाने असे मोल देऊन मिळविले आहे.

या युद्धाने सरकारला दोन गोष्टी शिकविल्या. अपंग होऊन परतलेल्या सैनिकास केवळ पेन्शन पुरत नाही, त्याच्या हाताला काम हवे, ही पहिली. लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत सुरू झालेली व नंतर पुण्याजवळ खडकी येथे स्थिरावलेली ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली. अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय व तांत्रिक शिक्षण देण्याचे कार्य तिने शंभर वर्षांहून अधिक काळ केले आहे. दुसरी गोष्ट अशी की, खेड्यातल्या घरापर्यंत पोहोचणारी कायम यंत्रणा हवी. त्यासाठी १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड हे त्याचेच वारस होय. राज्य पातळीवर सैनिक कल्याण विभाग व जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही त्याच वृक्षाची शाखा-प्रशाखा म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर वाटचाल

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळण्याचे ठरले. त्या दिवशी छातीवर छोटा ध्वज लावून नागरिक यथाशक्ती निधी देतात. युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील जवानांच्या कुटुंबांचे कल्याण आणि माजी सैनिकांचे साहाय्य असा या निधीचा त्रिविध हेतू आहे. निरनिराळे कल्याण निधी १९९३ मध्ये एकत्र करून आजचा ध्वजदिन निधी आकारास आला. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला आणि घराघरांतील स्त्रियांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. २००६-०७ पासून या निधीतून माजी सैनिकांच्या मुलांना व विधवांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या.

१९७१ च्या युद्धानंतर या विषयाला नवे वळण मिळाले. मोहिनी गिरी यांनी १९७२ मध्ये युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांसाठी ‘वॉर विडोज असोसिएशन’ स्थापन केली. १९७६ पासून लष्कराची समूह विमा योजना सुरू झाली. तिच्यात जवान आपल्या वेतनातून दरमहा वर्गणी देतो, म्हणजे हे साहाय्य बव्हंशी सैनिकांनी सैनिकांसाठी उभारलेले असते. २००३ मध्ये माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी अंशदायी आरोग्य योजना आली.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे आज स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू आल्यास अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के, सेवेमुळे मृत्यू आल्यास साठ टक्के, आणि युद्धात वा तत्सम कारवाईत वीरमरण आल्यास पूर्ण वेतनाइतके निवृत्तिवेतन मिळते. सभासदाच्या ‘निम्म्या वेतना’पासून येथवरचा हा प्रवास समाधान देणारा आहे.

नियमांत न मावणारे दुःख

तथापि नियम झाला म्हणून प्रश्न संपला असे नाही. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर शासनाने व जनतेने मुक्तहस्ते साहाय्य केले. वीरांच्या कुटुंबांना पेट्रोल पंप व गॅस एजन्सीही देण्यात आल्या. परंतु त्याबरोबर काही घरांत सून आणि सासू-सासरे यांच्यात त्या रकमेवरून कलहही उत्पन्न झाले. मुलगा गमावलेली माता आणि पती गमावलेली पत्नी, दोघींचेही दुःख खरे. मग रकमेचा अधिकार कोणाचा? पुढे काही राज्यांनी पत्नी व आईवडील यांचे वाटे वेगळे ठरवून दिले ते याच अनुभवातून.

पुनर्विवाहाचा प्रश्न याहून नाजूक. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली. पतीच्या पराक्रमाचा मान पत्नीकडे राहतो, ती पुढे कोणाशी संसार करते यावर तो अवलंबून नाही, हे तत्त्व मान्य व्हावयास एवढा काळ लागला!

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही अशा वृद्ध माजी सैनिकांची व विधवांची स्थिती सर्वांत बिकट असते. पासष्ट वर्षांवरील अशा गरजूंना ध्वजदिन निधीतून मिळणारे मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२५ पासून चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्यात आले. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा मिळणारी रक्कम प्रत्येकी एक हजारावरून दोन हजार, आणि मुलीच्या विवाहासाठी वा विधवेच्या पुनर्विवाहासाठी मिळणारे अनुदान पन्नास हजारांवरून एक लाख रुपये झाले.

समाजाचे कर्तव्य

आपण ध्वजदिनी डब्यात टाकलेला रुपया कोठे जातो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. परंतु योजना आहेत आणि त्या मिळाल्या, यांत अंतर आहे. विवाहाची नोंद सैनिकी दप्तरात नसणे, नावातील एका अक्षराचा फरक, वारसाचा दाखला, बँकेचे खाते अशा लहानसहान गोष्टींपायी हक्काची रक्कम अडते. आणि खेड्यातल्या शोकाकुल स्त्रीला कार्यालयाची वाट दाखविणारे कोणी नसते. सत्कार-समारंभात एकदा शाल-श्रीफळ देणे सोपे आहे. तिच्या मुलाचे शिक्षण पुरे होईपर्यंत वर्षानुवर्षे विचारपूस करणे कठीण आहे. ज्या संस्थांना पै-पैचा हिशेब ठेवण्याची व दीर्घकाळ जबाबदारी वाहण्याची सवय आहे, त्यांनी हे दुसरे काम अंगावर घ्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून आपल्या परिसरातील अशा कुटुंबांची गरज जाणून घेणे, ही त्याची पहिली पायरी ठरेल.

बालपरवेशी या जुन्या शब्दात ‘परवेशी’ म्हणजे सांभाळ आहे. सांभाळ एका दिवसाचा नसतो. सैनिकाच्या कुटुंबाला आपण जे देतो ते दान नव्हे. ते आपले देणे आहे, आणि देणे वेळेवर फेडावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.